दादांनी सांगितलेला सिनेमा

"पोट्टं वाढते ना, सर," म्हणत आमचे शिंपी दादा माप घेताना टेप दोन बोटं पुढे सरकवायचे. त्यामुळे केशोरीच्या आमच्या शाळेत कोणालाच गणवेश अंगासरसा बसत नसे. पहिलीचा वर्ग निघाला की नुसते सदरेच चालत निघाल्यासारखे दिसत. मी कुरकुर केली की म्हणत, "घाई कायची? येते ना तेवढं वाढून."

अर्जुनीकडून येताना तुम्ही बंगाली कॅम्प पाहिला असेल. पूर्व पाकिस्तानातून निघालेली ही हिंदू माणसं सरकारने आमच्याकडे आणून वसवली. दादा त्यांच्यातलेच, तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढे ते आमच्याशी इकडच्या झाडीबोलीत बोलत आणि अडलेल्या शिलाई मशीनला मात्र बंगालीत शिव्या देत.

सीडीचे दिवस होते. कोलकात्याच्या भाच्याने त्यांना एक बंगाली सिनेमा पाठवला, देशोदेशीची बक्षिसं मिळालेला. "शाळेच्या टीव्हीवर लावू ना, सर. सगळ्यायले दाखवू."

मी तो आधी एकट्याने पाहिला. नदीकाठचं गाव, नमाजी बाप, मदरशात शिकणारा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. बाहेर आधी मोर्चे, मग फौज. गाव पळत सुटतं आणि तापाने फणफणलेली बहीण होडीतच मरते. खाली इंग्रजी ओळी होत्या, पण त्या आमच्या गावाला कुठल्या वाचता येणार? मी सांगत जातो म्हटलं, तर दादा म्हणाले, "मी सांगतो. माझी भाषा आहे."

कॅम्पातले म्हातारे चिडले. ज्यांच्यापायी घर सोडलं, त्यांचाच सिनेमा कायले पाहायचा? दादा म्हणाले, "पोट्टंच आहे ना ते. पाहून तर घ्या."

रविवारी दुपारी वर्गाच्या खिडक्यांना बारदाना लावला. दादा टीव्हीच्या बाजूला उभे राहून सांगू लागले, आणि फार छान सांगत होते. बाप रागावला की त्यांचाही आवाज चढे, पोरं हसत.

मग होडी आली. आईने मुलीच्या तोंडावर पदर ओढला. दादा म्हणाले, "झोपली ती. मामाच्या गावाले गेली की उठन."

आमच्या बाया म्हणाल्या, बरं झालं बाई. अर्ध्या वर्गात कॅम्पातल्या बाया तोंडात पदर कोंबून रडत होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही दादांना टोकलं नाही.

टोकलं मी. मास्तराची खोड ती, चूक दिसली की लाल शाई उघडायचीच. सिनेमा संपताच सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, ती मुलगी मेली. असं खोटं कशाला सांगता?"

त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. "हो सर, चुकलं," म्हणाले आणि पोरांकडे वळून म्हणाले, "सर बरोबर सांगून राहिले. मेली ती."

दुसऱ्या दिवशी दादांची बायको, आमच्या वहिनी, शाळेत आल्या. त्यांच्याकडून कळलं. दादांची पाच वर्षांची बहीण होती, खुकी. पळायच्या दिवशी तिला असाच ताप होता. शेजारच्या मौलवींच्या बायकोने तिला ठेवून घेतलं, ताप उतरला की पाठवते म्हणाली. खुकीने दादांचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. "आत्ता येतो" म्हणून त्यांनीच तिची मूठ सोडवली. त्यानंतर पुष्कळ पत्रं गेली, उत्तर एकाचंही आलं नाही.

"आमच्या घरी ती मेली असं कोणी म्हणत नाही, सर," वहिनी म्हणाल्या. "काल तेच त्यायच्या तोंडून निघालं."

मी माफी मागायला गेलो, तर दादांनी स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. विषय निघूच दिला नाही. मला त्या दिवसाची आजही लाज वाटते.

सात-आठ वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शेवटी त्यांची झाडीबोली गेली, बंगाली तेवढी उरली. मी पाहायला गेलो त्या दुपारी माझ्याकडे बघून ते बराच वेळ बोलले. मध्ये दोनदा खुकीचं नाव आलं. दाराशी उभ्या असलेल्या कॅम्पातल्या शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले.

"काय म्हणतात?" मी वहिनींना विचारलं.

वहिनींनी दादांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "पाणी मागून राहिले, सर."

पाणी मागायला एवढं बोलावं लागत नाही, हे मलाही कळत होतं.

"बरं," मी म्हणालो, आणि उठून पाणी आणलं.