लिंबापाशी न थांबणारी गाडी

ईश्वर सोलापुरात प्राध्यापक झाला, तरी त्याची आई येसूबाई गावाबाहेरच्या वस्तीवरच राहिली. रोज सकाळी मेथी-शेपूची पाटी घेऊन ती बसनं सोलापूरच्या नवी पेठेत विकायला जाई. बसचा थांबा गावात, चावडीपुढं. वस्तीच्या बायका तिथं चढू लागल्या की गावकरी ओरडत, "उतरा खाली! पाट्या घिऊन चालत जावा!" म्हणून कंडक्टर मायाप्पा पुढं वस्तीजवळच्या लिंबापाशी हळूच घंटी मारी. तिथं थांबा नव्हता, पण गाडी थांबे.

चौऱ्याहत्तर साली ईश्वरनं संशोधनाला हाच विषय घेतला, बसमध्ये जागा कुणाला मिळते आणि कुणाला नाही. वर्षभर तो थांब्याथांब्यावर उभा राहिला. प्रबंधात त्यानं लिहिलं, की या रस्त्यावर न्याय नियमात नाही, एका माणसात आहे. मायाप्पाचं नाव त्यानं कृतज्ञतेनं घातलं. लिंबापाशी थांबा द्यावा म्हणून एक प्रत बसच्या कचेरीतही नेऊन दिली.

साहेबांनी ती मन लावून वाचली. "फार उपयोगी काम केलंत, प्रोफेसर."

आठवड्याभरात मायाप्पा निलंबित झाला. थांबा काही मिळाला नाही. बायका चालत सोलापूर गाठू लागल्या.

"लेकाला लई शिकीवलंस की गं येसू," शेजारची पारूबाई म्हणाली. "आता आमाला चालायला शिकीव म्हनावं."

"करंल त्यो कायतरी," येसूबाई म्हणाली.

पुढं एका सकाळी ईश्वर अक्कलकोटहून त्याच गाडीनं परतत होता. लिंब मागं पडला आणि रस्त्यानं चालणारी आई दिसली. त्याच्या हाकेनं तिनं वळून पाहिलं. खिडकीत लेक बघून ती हसली आणि पाटी सावरत गाडीबरोबर पळू लागली.

"थांबवा! आई आहे माझी!"

नवा कंडक्टर संगप्पा तिकिटं फाडत राहिला. "हितं थांबा न्हाई, मास्तर. थांबीवणाऱ्याचं काय झालं, तुमाला ठावं की."

"लिवा आता ह्येबी!" मागून कुणीतरी म्हणालं. अख्खी गाडी हसली.

पुढच्या थांब्यावर उतरून ईश्वर धावत मागं आला. येसूबाई रस्त्याकडेला बसून जुड्यांची माती झटकत होती. गुडघा फुटला होता.

"रोज गाडी मागनं येती, म्या बघतबी न्हाई," ती त्याच्याकडं न पाहता म्हणाली. "आज तू दिसलास म्हनून पळाले."