आईचं वाचन

कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. तरी नाताळची पार्टी दर वर्षी जोरात होते. सांताक्लॉज येतो, डीजे लागतो, केक कापतात. त्या वर्षी माझी म्हातारी आई सेक्रेटरींना म्हणाली, "केकच्या आधी मी येशूच्या जन्माची गोष्ट वाचते. पाचच मिनिटं." ते हो म्हणाले. आठवडाभर ती स्वयंपाकघरात मोठ्यानं सराव करत होती.

मरिया आणि योसेफ यांना उतरायला जागा मिळाली नाही, इथपर्यंत ती आली असेल. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, केक वितळतोय." लोक हसले. डीजेवाल्यानं हळू आवाजात गाणं लावलं. आई वाचतच राहिली. मी ऑफिसातल्या दोघींना बोलावलं होतं, त्याही हसत होत्या. मी पुढे गेले, तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि त्यातच म्हणाले, "आई, पुरे कर. इथे कुणाला पडलंय त्याचं?" टाळ्या पडल्या. तिनं बायबल मिटलं आणि खुर्चीत बसून हातात दिलेला केक गुपचूप खाल्ला.

पुढच्या नाताळला घरी आम्ही दोघीच होतो. मी बायबल तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "वाच ना."

"मला आता अक्षर दिसत नाही गं," ती म्हणाली.

त्याच सकाळी तिच्या खोलीच्या दाराआडून मी तिचं वाचन ऐकलं होतं, मरियेपासून मेंढपाळांपर्यंत, कुठेही न अडखळता. मी दार उघडताच ती गप्प झाली होती.