अनोळखी माशाची पहिली चव

तुमच्या ताटातला मासा तुमच्याआधी कोणी खाऊन पाहिला, हे कधी विचारलंत का?

रायपुरात आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाजारात भंडाऱ्याकडची, ढीवर या मासेमार समाजातली एक बाई समुद्राचे मासे विकते. तिचा एक नियम आहे. पेटीत अनोळखी मासा निघाला, तर आधी तो स्वतः रांधून खायचा, त्रास झाला नाही तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. पूर्वी असा मासा वर्षातून एखादा यायचा. आता समुद्र तापतोय, उष्ण पाण्यातले मासे नव्या किनाऱ्यांकडे सरकताहेत, आणि तिथे न खपलेले बर्फात घालून आमच्याकडे येतात. दर आठवड्याला एक तरी नवा असतोच.

गेल्या रविवारी ती ओठ चोळत बसली होती. पुढ्यात फुगीर पोटाचा, बिनखवल्यांचा मासा होता.

"काय झालं, मावशी?"

"काल हा खाल्ला. तवापासून ओठ बधिर आहे."

"खाता काहून असं?"

"मी नाही खाल्ला तं तू खाशील, भैया. तू गेला तं भाव कोण करन माह्याशी?"

ती हसली, पण ओठाची एक बाजू हललीच नाही.

मी तिला दवाखान्यात नेलं. आता ती बरी आहे आणि नियमही तोच आहे. समुद्र तिने तापवला नाही, तरी तपासणी तिच्याच पोटात होते.

म्हणून बाजारात अनोळखी मासा दिसला, तर त्याचा फोटो मत्स्य विभागाला पाठवा आणि तो खाण्याजोगा आहे का, हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत विकणारीलाही तो चाखू देऊ नका.