एकटीचा भत्ता

माझी मावशी सरकारी दवाखान्याच्या धोबीखान्यातून निवृत्त झाली. पुढेमागे कुणी नाही, म्हणून पेन्शनवर तिला एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भत्ताही मिळायचा. मग तिची धोबीखान्यातली जोडीदारीण गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आठ दिवसांसाठी आली. राहिली, ती राहिलीच. रात्री अशी घोरते, की आख्खी आळी तिला इंजीन म्हणते.

भत्त्याच्या तपासणीला साहेब आला तेव्हा दोघी चादरीची घडी घालत होत्या. दवाखान्याची सवय! चादर एकटीने घडी करायचीच नाही. टोकाला टोक, एक ताण, एक झटका, मग एकमेकींकडे चालत यायचं.

"या कोण?" साहेबाने विचारलं.

"ही? ही इथलीच," मावशी चादर झटकत म्हणाली.

झालं! जोडीदारीण आल्यापासूनचा सगळा भत्ता जादा ठरला. तो दर महिन्याच्या पेन्शनमधून कापून घेणार, अशी नोटीस आली.

इंजीनने कपडे गोळा करायला घेतले. "पुतण्याकडे जाते मी. माझ्यापायी तुझ्या पेन्शनला कात्री नको."

"पुतण्याकडे? त्याच्या बायकोने कधी पाणी तरी विचारलं होतं तुला?"

"माझं मी घेईन की पाणी."

"घेशील गं! आधी त्यांचे तीन जिने तर चढ."

दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. मीही गेले, आधाराला कमी आणि भांडण सोडवायला जास्त.

वसुलीचा कारकून भला माणूस. दोघींना बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, या तुमच्या भाडेकरू आहेत का? असतील तर हिशेब वेगळा. तुम्ही एकट्याच धरल्या जाल, वसुली रद्द."

"आहे ना! भाडेकरूच आहे मी," इंजीन तत्परतेने म्हणाली.

"गप गं. भाडं कधी दिलंस?"

"आजपासून देते."

"अहो, हिला भाड्याने ठेवलं तर रात्रीच्या गोंगाटाचे पैसे मलाच शेजाऱ्यांना द्यावे लागतील."

कारकुनाला हसू आवरेना. मग गंभीर होत त्याने विचारलं, "नीट विचार करून सांगा, आजी. एकट्या राहता का?"

इंजीनने मावशीला कोपर मारलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. इंजीन ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसली होती.

"नाही हो," मावशी म्हणाली. "राहत होते. खूप वर्षं राहिले. आता नाही राहत. कापा काय कापायचं ते. फक्त थोडं थोडं कापा, दोघींचं भागलं पाहिजे."

"हप्ता लहान करून देतो," कारकून म्हणाला.

इंजीन एकदम उसळली. "मग निम्मं माझ्या पेन्शनमधून कापा! खाल्लं दोघींनी आणि फेडायचं हिने एकटीने? हा कुठला न्याय?"

"तसं नाही करता येत, आजी. पैसे यांच्या नावावर गेलेत. वाटणी काय ती तुम्ही घरी करा."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "घरी, म्हणतायत ते."

इंजीनने नाक ओढलं. "ऐकलं. बहिरी नाहीये मी. हात दे, उठव आधी."