अवेळी वाजलेला भोंगा

आज नागपूरच्या मैदानावर नातीच्या शर्यतीचा भोंगा वाजला आणि मी जागेवरून उठून उभी राहिले. आमच्या खाणीच्या गावात भोंगा फक्त पाळी बदलताना वाजायचा. अवेळी वाजला, की खाली काहीतरी झालं असं समजायचं.

मी नववीत असताना तो भरदुपारी वाजला. बाबा पाळीवर होते. मी अनवाणी, सगळ्या गावाच्या पुढे, खाणीच्या तोंडापर्यंत धावले. बाबा तिथे चहा पीत उभे.

"काहून धावून राहिली वं? भोंगा बिघडला होता, वाजवून पाहिला."

मागून धापा टाकत आलेल्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला शर्यतीच्या सरावाला बोलावलं.

गावातल्या खेळाडूंच्या फलकावर आता माझं नाव पहिलं आहे. पण प्रत्येक शर्यतीत रेषा ओलांडली, की मी आधी गर्दीत बाबांना शोधायची.