राजासाठी लाल शाई

मॉरीन ऑडफील्ड यांनी राजीनामा लिहिला आणि आठवड्याभरात इंग्लंडच्या राणी वारल्या. त्या गडबडीत राजीनामा कुणी वाचला नाही.

स्कार्ननेसच्या भरती-ओहोटी संशोधन मंडळाची कचेरी त्या एकतीस वर्षं सांभाळत होत्या. कचेरी बंदरावरच्या जुन्या जकातघराच्या माडीवर. अडतीस पायऱ्या. पहिली वीस वर्षं त्यांनी त्या कधी मोजल्या नव्हत्या. गुडघे दुखायला लागले तशा मोजल्या. सभांची इतिवृत्तं लिहायची, वार्षिक अंक टपालात टाकायचा, सभेआधी हीटर लावायचा, चहा करायचा आणि कोण कुणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवून खुर्च्या मांडायच्या, हे त्यांचं काम.

मंडळाच्या पत्रांवर वरती आश्रयदात्या म्हणून राणीचं नाव छापलेलं असे. असा आश्रय त्या राज्यकर्त्याबरोबरच संपतो; नव्या राजाकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. अध्यक्ष डॉ. क्लेमंट गार्बट तेव्हा म्हणाले होते, "एवढं उरकून जा हो, मॉरीन. राजवाड्याशी पत्रव्यवहार करायचा म्हणजे आमचे हात कापतात."

अर्ज गेला की मी गेले, असं सांगून मॉरीन थांबल्या. रिपनला त्यांची बहीण जीन हिनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती. त्याला आता सात महिने झाले होते.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. ती हुकली तर पुढची संधी वर्षानं, म्हणजे मॉरीनचंही आणखी एक वर्ष. बुधवारी कार्यकारिणी बसली आणि नियमावरच अडकली. मंडळात यायचं तर राजालाही साध्या सभासदासारखंच शिफारसपत्र लागतं: "या व्यक्तीस आम्ही प्रत्यक्ष ओळखतो, भरती-ओहोटीच्या अभ्यासास ती उपयोगी पडेल." खाली तीन सह्या. मॉरीननी हा कागद याआधी चार बैठकांत टेबलावर ठेवला होता. चारही वेळा त्याच्यावर बिस्किटांची बशी आली.

"प्रत्यक्ष ओळखतो? मी नाही ओळखत," ॲलन स्टोनहाउस म्हणाला. त्याची हयात बंदरात जहाजं आणण्यात गेलेली. "टीव्हीवर पाहणं म्हणजे ओळखणं नव्हे."

"अरे, राणीच्या वेळी केल्याच होत्या ना सह्या?" डॉक्टर म्हणाले.

"ज्यांनी केल्या ते तिघंही मेले. खोटं का लिहिलंत, हे त्यांना विचारणार कसं?"

"ॲलन, नुसता उपचार आहे हा."

"उपचार? सत्याऐंशी साली मी भरतीचा एक आकडा अंदाजानं लिहिला, तर तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत, डॉक्टर. तेव्हा कुठे गेला होता उपचार?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. खजिनदार बाई, डोरीन फॉसेट, म्हणाल्या, "नियमच बदलू या." नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी, तिला सहा आठवड्यांची सूचना हवी. तासभर हेच फिरत राहिलं. बाहेर पाणी उतरून चिखल उघडा पडला. मॉरीननी इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"ॲलन," त्या म्हणाल्या, "वादळात पाण्याची मोजपट्टी दिसली नाही, तर भरतीचा आकडा कसा लिहितोस?"

"शेजारच्या बंदराला विचारून. लाल शाईनं."

"आणि डोळ्यांनी पाहिलेला?"

"काळ्या. हे काय आज विचारतेस?"

"मग लाल शाईनं करा सह्या. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, दुसऱ्यांकडून कळलेलं आहे. खोटं काहीच नाही त्यात."

डोरीनबाई म्हणाल्या, "राजवाड्यात काय म्हणतील?"

"काळी शाई संपली होती म्हणतील," ॲलन म्हणाला. "आण गं ते पेन."

तिघांनी सह्या केल्या. ॲलननं सवयीनं सहीपुढे वेळही टाकली, चार वाजून दहा मिनिटं. मॉरीननी पाकीट बंद केलं, कोट घातला, पायऱ्या उतरून पोस्टात गेल्या, पोच घेतली आणि पुन्हा वर आल्या. बाकीचे निघून गेले होते. डॉक्टर एकटेच कपबशा गोळा करत होते; त्यांना ते जमत नव्हतं.

"कमाल केलीत तुम्ही," ते म्हणाले. "आता उत्तर येईपर्यंत थांबाच. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न."

"नाही, डॉक्टर."

"आणि नकार आला तर? त्यावर काय लिहायचं, आम्हाला सुचणार आहे का?"

"आभारी आहोत, असं लिहा. होकार आला तरी तेच."

त्यांनी पोच टेबलावर ठेवली आणि तिच्यावर किल्ल्यांचा जुडगा. डॉक्टरांनी तो उचलून उजेडात धरला.

"यातली खालच्या दाराची कुठली?"

"पितळेची. दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग फिरवायची," मॉरीन म्हणाल्या. कठडा धरून त्या पायऱ्या उतरू लागल्या.