सरासरीत विरलेला तारा

आमच्या विभागात नव्याने आलेल्या मृणालने माझ्या टेबलावर दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही फुटलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे, निळ्यापासून लालपर्यंत रंगांनुसार मांडलेले. दोन्ही स्फोट नेहमीपेक्षा कितीतरी तेजस्वी, दोन्हींत हायड्रोजनचा मागमूस नाही. पण एकाच्या निळ्या टोकाला इंग्रजी डब्ल्यूसारखी खाच होती. दुसऱ्याची रेघ तिथून सरळ गेली होती.

"सर, हे दोघं एकाच जातीचे कसे?"

तशी सरळ रेघ मी तरुणपणी पाहिली होती. तेव्हाचे आमचे प्रमुख म्हणाले, "एखादा वेगळा निघतोच. सगळ्यांची सरासरी काढ आणि एकच आलेख छाप." मी काढली. बाकी सगळ्यांना खाच होती, म्हणून छापलेल्या आलेखातही ती आली. कोट्यवधी वर्षं चालत त्या एकट्या ताऱ्याचा प्रकाश माझ्या टेबलापर्यंत पोचला आणि तिथे मी त्याला गप्प केलं. मला बढती मिळाली. माणसांचंही आम्ही असंच करतो. निरोप समारंभात प्रत्येकजण मनमिळाऊच असतो. माझा पुढच्या महिन्यात आहे.

"तुमच्या वेळी हे कुणालाच दिसलं नाही?" मृणालने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "तेव्हा उपकरणंच तशी नव्हती."